गांव सोडणारे आणि गांवीं येणारे

(शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. ही म्हण ज्यानें केली त्यानें नांगराची मूठ कधीं धरली नसावी. ज्याला उत्तम म्हटलें त्या शेतकर्‍याच्या घरीं चैत्रांत कणगी रिकामी, ज्याला मध्यम म्हटलें तो व्यापारी गादीवर, आणि जिला कनिष्ठ म्हटलें त्या नोकरीसाठीं म्हण सांगणारांचींच मुलें सर्वांच्या आधीं कचेरीच्या दारांत उभीं, हा प्रकार आपल्या आज्यापणज्यांनीं पाहिला आहे. गोड शब्दांनीं आपल्याला जागच्या जागीं बसविलें, आणि जो उठून शहरांत गेला त्याच्या माथीं गांव सोडल्याचा दोष मारला.

तेव्हां आज या विषयाचा नीट हिशेब करूं. आपलीं माणसें गांव कां सोडतात? शहरांत त्यांच्या घामानें जी संपत्ति होते ती कोणाच्या पदरांत पडते? ती आपल्या पदरांत पडावी म्हणून आपल्या वडीलधार्‍यांनीं काय केलें? आणि आतां उलट दिशेनें आपल्या शिरूर-दौंडांत पोटामागें जीं माणसें येत आहेत त्यांच्याशीं आपण कसें वागतों? हे चार प्रश्न आम्ही तुमच्यापुढें मांडणार आहों. चौथा प्रश्न ऐकतांना कांहींना राग येईल. येऊं द्या, पण ऐकून घ्या.

पहिला प्रश्न आपल्याच मुलखावरून समजून घेऊं. शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं १८७४ च्या डिसेंबरांत एका सावकारानें कोर्टाचा हुकूमनामा आणून गांवच्या देशमुखाचें राहतें घर पाडावयास घेतलें. गांव खवळला. न्हावी सावकाराची हजामत करीना, कोणी त्याचें पाणी भरीना, कोणी कामास जाईना. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत शेतकर्‍यांनीं सावकारांचीं कर्जखतें बाहेर काढून जाळलीं. सुपें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत होतें, आणि आजच्या दौंडचा मुलूखहि त्याच तालुक्यांत मोडत असे. इतिहासाचीं पुस्तकें याला दख्खनचे दंगे म्हणतात. म्हणोत बापडीं. पण त्या लोकांचा रोख माणसांवर नव्हता, कागदावर होता, हें विसरूं नका. कारण त्यांना तो कागद वाचतां येत नव्हता. अंगठा उठविला तेव्हां वर काय लिहिलें आहे हें सावकारास ठाऊक होतें, कुळास नव्हतें. जें वाचतां येत नाहीं आणि तरीहि घर पाडतें, तें माणूस जाळणार नाहीं तर काय करणार?

या उठावामुळें सरकारनें चौकशी कमिशन बसविलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकर्‍यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला. कायदा झाला, पण जमीन वाढली नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे मुख्याधिकारी डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळचें पिंपळे सौदागर व मागाहून आपल्या शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक हीं दोन गांवें घरोघर तपासून १९१७ व १९२१ सालीं पुस्तकें प्रसिद्ध केलीं. पिंपळे सौदागरांत १७७१ सालीं एका खातेदाराकडे सरासरी चाळीस एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आली होती. चाळिसाचे सात! तेवढ्यांत एक कुटुंब, एक बैलजोडी, सरकारचा सारा, सावकाराचें व्याज आणि लेकीचें लग्न कसें बसावें? जमीन वांटली जाते तशी भूक वांटली जात नाहीं. ती प्रत्येक भावाच्या घरीं पुरीच्या पुरी येते. मग एक भाऊ औत धरतो आणि दुसरा मुंबईची वाट धरतो. याला गांवाशीं बेइमानी म्हणावयाचें काय?

कारागिराची गोष्ट याहून कठीण. शेतकर्‍याचें पीक बुडालें म्हणजे सुताराचें, लोहाराचें, कुंभाराचें, चांभाराचें बलुतें बुडालेंच. त्यावर गिरणीचें कापड आलें आणि साळी-कोष्ट्याचा माग थंडावला. लोखंडी नांगर आला आणि सुताराच्या लांकडी नांगराचें काम गेलें. नांगर सुधारला याचें आम्हांस दुःख नाहीं, खोल नांगरट झाली हें चांगलेंच झालें. पण नांगर कारखान्यांत होऊं लागला तेव्हां गांवच्या सुतारानें काय करावें याचा विचार कोणीं केला नाहीं. त्याला धरून ठेवण्यास जमीनहि नव्हती. म्हणून बर्‍याच गांवांतून पहिला बाहेर पडला तो कारागीर. रेल्वेच्या मुंबईच्या कारखान्यांत वांकस आणि घण चालविणारे हात असल्याच सुतार-लोहारांचे होते.

आणि ज्यांना गांवानें वेशीबाहेरच ठेवलें होतें, त्या महार-मांग बांधवांचें काय? त्यांच्या पाठीवर सावकाराबरोबर गांवकीचेंहि ओझें होतें. पाटलानें हांक मारली कीं धांवावें, मेलेलें ढोर ओढावें, आणि विहिरीवर पाय ठेवूं नये. त्यांना शहर म्हणजे नुसता पगार नव्हता, मान वर करून रस्त्यानें चालण्याची सोय होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लोकांना गांव सोडण्याचा उपदेश केला तो याच कारणानें. आपल्यापैकीं जे गांवच्या गोडीचीं गाणीं गातात, त्यांनीं ही गोडी कोणाच्या वांट्यास आली नाहीं हेंहि पाहावें.

आतां दुसरा प्रश्न. १८५४ सालीं मुंबईस पहिली कापडगिरणी काढण्याचें ठरलें. १८६३ सालीं बोरघाटांतील लोहमार्ग पुरा झाला. दौंडचें तर १८७८ सालीं मनमाडची वाट सुरू होऊन मोठें जंक्शन झालें. घाटाखालीं गिरण्यांचे भोंगे वाजूं लागले, घाटावर १८७६ चा दुष्काळ पडला. माणूस खालीं उतरला. तेथें कोंकणी बांधव त्याच्या आधींच आला होता. दोघांना मिळून गिरणींत काम लागलें तें मुकादमाच्या हातून. मुकादमाला दस्तुरी द्यावी तेव्हां काम, आणि दिली नाहीं तर उद्यांपासून घरीं. घाटावरून आला म्हणून मुंबईकर त्याला घाटी म्हणूं लागले. ज्या हातांनीं गोद्या बांधल्या, रस्ते बांधले, चाती फिरविल्या, त्यांचें हें नांव!

या माणसानें गांवाला काय दिलें? मनिऑर्डर दिली. मुंबईच्या मनिऑर्डरीनें या घाटावर विहिरींचें बांधकाम झालें, बैल आले, गहाणवट जमिनी सुटल्या आणि कित्येक मुलांची फी भरली गेली. हें जमेच्या बाजूस लिहा. पण आम्ही शाळामास्तर, आम्हांस दोन्ही बाजू मांडल्याखेरीज हिशेब पुरा वाटत नाहीं.

गिरणीवाला मजुराला पगार किती देई? एका माणसाचें कसेंबसें भागेल इतका. मग त्याची बायको, मुलें, म्हातारे आईबाप यांना कोण पोशी? गांवचें शेत पोशी. मजूर लहानाचा मोठा झाला तो कोणाच्या भाकरीवर? गांवच्या. गिरणींत खोकला लागून छाती गेली म्हणजे तो कोठें परतला? गांवीं. म्हातारपणीं कोणाच्या ओसरीवर बसला? गांवच्याच. म्हणजे माणूस वाढविण्याचा खर्च गांवाचा, दुखण्याचा खर्च गांवाचा, म्हातारपणाचा खर्च गांवाचा. आणि मधलीं तरणींताठीं वीस-पंचवीस वर्षें तेवढीं गिरणीचीं! दोन एकर कोरडवाहूनें मुंबईच्या गिरण्यांना दिलेलें हें बिनव्याजी कर्ज होतें. तें कोणत्याहि वहींत लिहिलें गेलें नाहीं, म्हणून कोणीं फेडलेंहि नाहीं. पुढें मुंबई श्रीमंत झाल्याच्या गोष्टी लिहिल्या गेल्या, त्यांत भांडवलवाल्यांचीं नांवें आलीं. शेत राखणारी, दुसर्‍याच्या बांधावर रोजानें जाणारी, वर्षांतून एकदां शिमग्याला नवर्‍याचें तोंड पाहणारी बाई त्यांत कोठेंच आली नाहीं.

अर्थशास्त्राचे पंडित या स्थलांतराला देशाच्या प्रगतीची पायरी म्हणतात. वेस्ट इंडीजच्या सेंट लुशिया बेटावरील आर्थर लुईस नांवाच्या कृष्णवर्णीय विद्वानानें १९५४ सालीं असें मांडलें कीं, शेतावर गरजेपेक्षां जास्त हात असतात. ते उठून कारखान्यांत गेले तर शेतीचें उत्पन्न फारसें घटत नाहीं आणि देशाचें एकंदर उत्पन्न वाढतें. त्याला १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें म्हणणें खोटें नाहीं. एका चौघडी वावरांत चार भाऊ राबण्यापेक्षां दोघांनीं बाहेर जावें हें आम्हीहि म्हणतों. पण त्याच विद्वानानें हेंहि सांगितलें कीं, जोंवर गांवांत रिकामे हात पुष्कळ आहेत, तोंवर कारखान्यांतला पगार वर चढत नाहीं आणि नफा मालकाकडे सांचतो. बंधूंनो, ही ओळ तिजोरीवाले वाचीत नाहींत, आपण वाचली पाहिजे. देशाची संपत्ति वाढणें ही एक गोष्ट, आणि ती घाम गाळणाराच्या घरीं येणें ही दुसरी. पहिली आपोआप होते, दुसरी झगडून करून घ्यावी लागते.

झगडून करून घेणारा पहिला माणूस सत्यशोधकच होता. जोतीराव फुल्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापला. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास ‘दीनबंधु’ पत्र काढलें, आणि तें चालविणें कठीण झालें तेव्हां नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईस नेऊन तें चालविलें. लोखंडे स्वतः गिरणींत नोकरीस होते. त्यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला. मागणें काय होतें? रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, उजाडल्यावर काम सुरू व मावळतां बंद, पगार वेळच्या वेळीं, आणि हातपाय तुटला तर भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईस दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेंत दोन स्त्रियाहि बोलल्या. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. आज आपलीं मुलें रविवारीं शाळेंत येत नाहींत आणि साहेबहि कचेरींत जात नाहीं. पण मजुराला हा रविवार कोणीं दिला हें कितीजणांस ठाऊक आहे? देवानें दिला नाहीं, सरकारनें आपण होऊन दिला नाहीं. खेड्यांतून आलेल्या अडाणी म्हणविल्या जाणार्‍या माणसांनीं सह्या-अंगठे करून मिळविला. लोखंडे पुढें १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें गेले.

शहरांत गेल्यानें सर्व भेद गळून पडतात असें मात्र समजूं नका. जात गांवच्या वेशीवर थांबत नाहीं, ती गाडींत बसून पुढें जाते. गिरणींच्या विणाई खात्यांत पगार जास्त. पण तेथें धोट्याचा दोरा तोंडानें ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नांवाखालीं अस्पृश्य कामगारास त्या खात्यांत शिरूं देत नसत. अडविणारे मालक नव्हते, आपलेच सोबती होते. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढाऱ्यांपुढें उभा केला. जे हात एकमेकांना दूर ढकलतात त्यांची मूठ होत नाहीं.

गिरण्यांचा शेवटहि ध्यानांत ठेवा. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधीं मागें घेतला गेलाच नाहीं. हळूहळू गिरण्याच बंद पडल्या. गिरण्यांच्या जवळजवळ सहाशें एकर जमिनीवर पुढें काचेचे मनोरे व दुकानें उभीं राहिलीं. ज्यांच्या तीन पिढ्या तेथें खपल्या त्यांच्यापैकीं कित्येकांना वळकटी घेऊन घाट चढावा लागला. आणि घरीं यावें तों जमीन भावाच्या नांवावर, घराला तडे, मुलगा ना शेताचा ना शहराचा. ज्यांनीं चांगल्या दिवसांत मुलाला शिकविलें होतें आणि सातबारा सोडला नव्हता, ते तगले. बाकीचे गेले वाहून.

आतां तिसरा प्रश्न. शहरांत जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक मुकादमाच्या मागून, दुसरा शाळेंतून. आपल्या चळवळींतल्या शहाण्या माणसांनीं दुसरा रस्ता बांधावयास घेतला. छत्रपति शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें. मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठीं तेथें वसतिगृहें उभीं राहिलीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं सातार्‍यास शाहू बोर्डिंग सुरू केलें. तेथें सगळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवत आणि श्रम करून शिकत. हेंहि गांवाहून शहराकडे जाणेंच होतें. फरक इतकाच कीं, मुकादमाबरोबर गेलेल्याला राहण्यास गटाराकांठची खोली, आणि बोर्डिंगांत गेलेल्याला छप्पर, भाकरी व पुस्तक. त्या एका छपरानें जें केलें तें शंभर व्याख्यानांनीं झालें नसतें. म्हणून आम्ही म्हणतों कीं, मुलगा शहरांत गेला याचें भय बाळगूं नका. कशाच्या आधारानें गेला तें पाहा.

आणि शिक्षण घेऊन सगळ्यांनीं शहरांतच जावें असेंहि नाहीं. आपल्या शिरूर तालुक्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. शाळेंतून गळालेल्या पोरांना तेथें सुतारकाम, जोडकाम, वीज, बांधकाम, शेती हीं हातानें करून शिकवितात. कलबाग मोठ्या नोकरीवरचे शास्त्रज्ञ. ते शहर सोडून पाबळच्या माळावर येऊन राहिले. सुताराच्या पोरानें वांकस ठेवून चपराशाच्या जागेसाठीं अर्ज करण्यापेक्षां वांकसाच्या जोडीस यंत्र शिकावें, हें त्यांचें सांगणें आजहि खरें आहे.

आतां चौथा प्रश्न. मंडळी, गेल्या तीस-चाळीस वर्षांत चाक उलटें फिरलें आहे. आपल्या रांजणगांवास औद्योगिक वसाहत झाली. तेथें एलजी, व्हर्लपूल, फियाट अशा परदेशी नांवांचे कारखाने उभे आहेत. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगांव भीमा हा सगळा पट्टा धुराड्यांचा झाला. दौंड तालुक्यांत कुरकुंभला रसायनांचे कारखाने आले. कालव्यांच्या व भीमेच्या पाण्यानें ऊस आला, साखर कारखाने आले, केडगांव-यवतकडे गुर्‍हाळें लागलीं. ज्या मुलखांतून माणसें मुंबईस जात, त्या मुलखांत आतां माणसें येत आहेत. बीड-नगरकडून ऊसतोडीसाठीं, उत्तर प्रदेशांतून गुर्‍हाळांवर, मराठवाडा-विदर्भ व परप्रांतांतून कारखान्यांत. काल आपण घाटी होतों. आज आपण मालक झालों.

मालक होऊन आपण काय केलें? कांहींनीं जमीन विकली, गाडी घेतली, गळ्यांत सोन्याचा साखळदंड घातला. लोक त्यांना गुंठामंत्री म्हणतात. पैसा दहा वर्षांत गेला आणि मुलगा आज आपल्याच विकलेल्या वावरावरच्या कारखान्यांत कंत्राटदाराकडे लागला आहे. आपल्याच शिवाराच्या फाटकावर पहारा करतो, तोहि कंत्राटी. आपल्यासारखींच गांवें १९८० सालीं पुर्‍या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखालीं गेलीं. दौंडच्या पूर्वेकडील लोकांना तें दुःख ठाऊक आहे. त्यांची जमीन सरकारनें घेतली. या शहाण्यांनीं आपल्या हातानें घालविली.

दुसर्‍या कांहींनीं खोल्या बांधल्या. पत्र्याची एक खोली, तींत सहा माणसें, आणि भाडें माणशीं. पाण्यासाठीं वेगळें भांडण. बिहारी आला कीं त्याला भय्या म्हणावें, चोरी झाली कीं पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. मुंबईनें आपल्याला घाटी म्हटलें तेव्हां आपल्या आजोबाच्या काळजाला काय वाटलें असेल?

आणि ऊसतोड्यांकडे पाहा. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम दसर्‍या-दिवाळीच्या सुमारास उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत जोडपें बांधलें जातें. एक दिवस दुखणें आलें, खाडा पडला, कीं दंड कापला जातो. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी करते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत सरकारी पाहणी झाली. ब्याऐंशीं हजारांवर ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, त्यांत तेरा हजारांवर स्त्रियांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांतहि खाडा परवडत नाहीं, हें त्याच्या मुळाशीं असलेलें एक मोठें कारण. आपण चहांत साखर घालतों तेव्हां ही गोष्ट आठवावी. करड्याच्या सावकाराची वही आणि आजच्या मुकादमाची वही, दोहोंत फरक काय? हींहि माणसें वही न वाचतांच अंगठा उठवितात.

२०२० सालीं मार्चअखेर साथीमुळें देश बंद झाला तेव्हां ही परकीं माणसें रस्त्यावर दिसलीं. तोंवर तीं कोणाला दिसत नव्हतीं. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथें रुळांवर झोंपलेले सोळा मजूर मालगाडीखालीं गेले. ते जालन्याहून पायीं आपल्या गांवाकडे निघाले होते. ज्यांनीं कारखाने चालविले त्यांना घरीं जाण्यास गाडी मिळाली नाहीं, आणि गाडी आली ती अंगावरून गेली.

आम्ही शाळेंत बसणारीं माणसें. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गांवीं हजेरीपट रिकामा होतो आणि आपल्याकडे फडाच्या कडेला खोपटीं उठतात. त्या खोपटांतलीं मुलें धाकट्या भावंडाला काखेस मारून बसलेलीं असतात. तीं त्यांच्या गांवच्या पटावर आहेत आणि आपल्या शाळेंत नाहींत. म्हणजे कोठेंच नाहींत. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याहि मुलाला वयाप्रमाणें वर्गांत घेतलेंच पाहिजे. दाखला नाहीं म्हणून दार लावतां येत नाहीं. कायदा आहे, शाळा आहे, मूलहि आहे. नाहीं तें एवढेंच, कीं कोणी उठून त्या खोपटापर्यंत चालत जाईल.

तेव्हां करावें काय? आमचें सांगणें थोडक्यांत असें.

पहिलें, घरांतला मुलगा अगर मुलगी बाहेरगांवीं कामास निघाली तर हातांत कसब किंवा प्रमाणपत्र दिल्याखेरीज पाठवूं नका. एक वर्ष उशीर झाला तरी चालेल. कंत्राटदाराचा कागद वाचल्याशिवाय सही नाहीं, हा घरचा नियम करा.

दुसरें, जमीन विकूं नका, आणि विकावीच लागली तर त्या पैशांतून पहिला वांटा मुलांच्या शिक्षणास व विहीर-पाण्यास काढून ठेवा. सातबार्‍यावर घरच्या लक्ष्मीचें नांव लावा. नवरा शहरांत असतां शेत तीच करते. २०११ च्या शिरगणतींत आपलें मूळ ठिकाण सोडून आलेलीं माणसें पंचेचाळीस कोटींवर भरलीं, आणि त्यांत फार मोठा भाग लग्न होऊन सासरीं गेलेल्या स्त्रियांचा. म्हणजे गांव सोडण्याचें दुःख सर्वांत जास्त जिनें सोसलें, तिचेंच नांव कागदावर नाहीं. २००५ च्या कायद्यानें लेकीचा वांटा लेकाइतकाच झाला आहे, हेंहि लक्षांत असूं द्या.

तिसरें, ज्या शहरांत आपल्या गांवचीं पांचपंचवीस मुलें आहेत तेथें गांवानें मिळून दोन खोल्या घ्याव्या. जत्रेच्या तमाशावर जो खर्च होतो त्याच्या निम्म्यांत तें होईल. शाहू महाराजांचें बोर्डिंग राजाच्या पैशानें झालें, पण भाऊरावांनीं मूठमूठ धान्य गोळा करून तेंच केलें.

चौथें, आपल्या दारीं आलेल्या मजुराला माणूस समजा. त्याची उचल व तोडीचा हिशेब त्याच्यादेखत लिहा व त्याच्या मुलाकडून वाचवून घ्या. शिधापत्रिका आतां परगांवच्या स्वस्त धान्याच्या दुकानींहि चालते, हें त्याला सांगा, आणि दुकानदार नाहीं म्हणाला तर त्याच्याबरोबर जाऊन उभे राहा. त्याचीं मुलें आपल्या शाळेंत आणा. एका फडामागें गांवांतल्या एका शिकलेल्या पोरीनें हें काम अंगावर घेतलें तरी पुरे.

पांचवें, कारखान्यांतल्या आपल्या पोरांनीं परप्रांतीय सोबत्याशीं भांडूं नये. तो कमी पगारावर येतो म्हणून आपला पगार पडतो, हें खरें. पण तो कमी पगारावर येतो तो त्याच्या गांवचे चाळीस एकर सातावर आले म्हणून. त्याला हाकलून आपला पगार चढत नाहीं. दोघांनीं एका कागदावर सही केली म्हणजे चढतो. लोखंड्यांनीं कोंकणी आणि घाटी यांच्या सह्या वेगवेगळ्या कागदांवर घेतल्या नाहींत.

मंडळी, सावकाराविरुद्ध बहिष्कार घालणारें करडें आपलें, रविवारची सुटी मिळविणारे लोखंडे आपले. या दोन्हींचा अभिमान सांगण्याचा हक्क आपल्याला आहे. पण ज्याच्या फडावर दुसर्‍याच्या बायकोचा खाडा कापला जातो आणि ज्याच्या पत्र्याच्या खोलींत सहा माणसें कोंडलीं जातात, त्यानें जोतीरावांची तसबीर भिंतीवर लावण्यापूर्वीं अंमळ थांबावें. सावकारी ही कोणा एका जातीची मिरास नाहीं. ज्याच्या हातीं वही आली आणि मनांत दया राहिली नाहीं, तो सावकार झाला.

येत्या हंगामांत खोपटीं उठतील तेव्हां तुमच्यापैकीं कोण कोण तेथवर चालून जाणार, हें आम्ही आज विचारीत नाहीं. शाळेच्या पटावर तें आपोआप दिसेल. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.